बुटक्या गाळ्यात उभं कपाट

आमच्या उद्यमनगरात तयार झालेलं एक यंत्र मुंबईच्या उपनगरात बसवायला दिनूमामा निघाला, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले ती त्या यंत्राच्या विरोधात लिहायला. मामाला हे ठाऊक होतं. दसऱ्याआधी आमच्या मासिकात 'हात खाणारी यंत्रं' हा माझा लेख आला होता. तो त्यानं वाचला आणि सरळ आमच्या घरी आला.

"न बघता लिवलंयस," तो म्हणाला. "चल माझ्यासंगं. मशीनची कागदं इंग्रजीत हाईत, ती वाचून सांगायला माणूस पायजेच मला. वाच, बघ, मग घाल की शिव्या."

वडिलांनी लगेच होकार दिला. आमच्या घरात छपाईचं ट्रेडल आहे. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि वडिलांनी माझं नावही क्रांती ठेवलं आहे. कोल्हापुरात या नावाला कुणी हसत नाही. मुंबईत पहिल्या दिवसापासून हसले.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख करून देते. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. पोहऱ्यांच्या जागी पत्र्याचे लांबट पाळणे आहेत, दोन्ही बाजूंना साखळ्या आहेत आणि वर-खाली दात्यांची चाकं आहेत. हे सगळं एका उभ्या कपाटात बंद केलेलं. बटण दाबलं की साखळी फिरते आणि हवा तो पाळणा माणसाच्या कमरेपाशी येऊन थांबतो. शिडी नको, वाकणं नको. जागाही जमिनीवर थोडीच लागते, कारण सगळा माल एकावर एक उभा राहतो. परदेशात हे बरंच चालतं. आमच्याकडच्या कारखान्यानं ते बघून आपल्या पद्धतीनं बनवलं. कपाट जितकं उंच, तितके पाळणे जास्त, आणि मुंबईत सगळ्यात महाग काय असेल तर ती जमीन. म्हणून मुंबईच्या गोदामवाल्यांना ते हवं असतं. अडचण एकच, की मुंबईतली बरीच गोदामं बुटकी आहेत.

मुलुंड

आम्ही उतरलो मुलुंडला, मावशीकडे. मुंबईत डोंगर असतो हे मला माहीत नव्हतं. मावशीच्या गच्चीवरून एका बाजूला हिरवा डोंगर दिसतो आणि दुसऱ्या बाजूला आग्रा रोडवरच्या कारखान्यांची धुराडी. मावशी लग्न करून रत्नागिरीकडच्या घरात गेली, त्यामुळे तिच्या आमटीत आता गूळ असतो आणि भाजीत ओलं खोबरं. मामानं पहिला घास घेतला आणि विचारलं, "अक्का, आमटी हाय का बासुंदी?"

"तिखट तोंडाला लागतं आणि पोटाला त्रास देतं," मावशी म्हणाली. "खा गप."

मुलुंडलाच औषधांच्या एका गोदामात मामानं मागच्या वर्षी असंच कपाट बसवलं होतं. सकाळी साखळीला तेल घालायला तो तिकडे गेला, मीही गेले. ते गोदाम चांगलं उंच होतं, पत्र्याचं छप्पर, आणि कपाट त्याच्या मधोमध एखाद्या देवळासारखं उभं. समोर खुर्चीवर एक माणूस बसलेला, शेजारी ट्रान्झिस्टरवर क्रिकेट चालू.

मी विचारलं, "आधी इथे किती माणसं होती?"

"होती बरीच."

"आणि आता?"

"आता मी आहे ना."

"बाकीचे कुठे गेले?"

"गेले," तो म्हणाला आणि आवाज वाढवला. कुणीतरी चौकार मारला होता.

मामा तेलाची बुधली घेऊन साखळीशी वाकला होता. त्यानं हे ऐकलं आणि पुढच्या दुव्यावर तेल सोडलं. बाहेर आल्यावर मीच म्हणाले, की माझा लेख न बघता लिहिलेला असेल, पण चुकीचा नव्हता. "एक गोदाम बघितलंस," मामा म्हणाला. "अजून एक बघ."

घाटकोपर

दुसरं गोदाम घाटकोपरला, पूर्वेच्या बाजूला, नाल्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. अशा जागेला मुंबईत गाळा म्हणतात. गल्लीच्या तोंडाशी फाफडा तळत होते. सोबत कच्च्या पपईचा किसलेला संभार आणि तळलेल्या मिरच्या. मामा मिरच्यांकडे बघून खूश झाला आणि एक खाऊन निराश झाला.

गाळ्यात शिरताना पाय वर उचलावा लागतो आणि त्याच क्षणी मान खाली घालावी लागते. मी फक्त पाय उचलला. कपाळावर टेंगूळ आलं. आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला आणि एक जण म्हणाली, "या! दाराशी ओळख झाली, आता आमच्याशी करा."

आत सगळं बेअरिंगचं दुकान. तेलकट कागदात गुंडाळलेली, वाटाण्याएवढ्या गोळ्यांपासून परातीएवढ्या कड्यांपर्यंत. अर्ध्या गाळ्यावर लाकडी माळा होता आणि त्यावर कप्पे. माळा आणि वरचा स्लॅब यांच्यात इतकी कमी जागा, की वर गेलेली बाई कमरेत वाकूनच फिरते. चौघी बायका तिथे काम करत. आपल्याकडे घागरीसाठी डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तशी कापडाची चुंबळ वर जाणाऱ्या प्रत्येकीनं डोक्याला बांधलेली. वाहायला काही नाही. बीम लागू नये म्हणून.

कामाची त्यांची एक रीत होती. नलिनीताई गावकर, चौघींत वयानं मोठ्या, खाली दाराशी उभ्या राहत. गिऱ्हाईक मागणी सांगे. नलिनीताई ती ऐकून वर हाक देत: "मंगल, खिडकीकडचा चौथा खण, मागचा डबा, पुढचा नको!" वरची बाई डबा काढी आणि शिडीवरून खाली देई. हाक मारल्याशिवाय वर कुणी काही काढत नसे. कुठल्या खणात काय, हे नलिनीताईंना तोंडपाठ. तिघी वरच्या आणि एक खालची, असा जणू घरचा संसार.

गाळ्याचे मालक जयंतीभाई. पांढरा सदरा, कानाला टेलिफोन, आणि टेलिफोनच्या तबकडीला छोटं कुलूप. मामानं माझी ओळख करून दिली.

"क्रांती?" ते म्हणाले. "बैस क्रांतीबेन. चा घेऊन मग कर जे करायचं ते."

मग त्यांनी चौघींच्या देखतच आपला बेत सांगितला. दिवाळीनंतर लाभपाचमीच्या मुहूर्तावर मशीन सुरू करायचं. सगळा माल मशीनमध्ये. माळा काढून टाकायचा. बटण दाबायला एक आयटीआय झालेला मुलगा घेतलाय, तो मुहूर्तालाच येणार. "आणि आपल्या बायांना भिवंडीला भावाच्या पॅकिंगमध्ये लावतो. मी कुणाला काढत नाय हां. तिथे पुष्कळ काम आहे."

नलिनीताई राहतात बोरिवलीला. मंगल कुर्ल्याला. भिवंडीला रोज जाऊन परत येणं आणि घरचं करणं, हे होण्यासारखं नव्हतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. न काढता काढण्याची ही पद्धत मी आमच्याकडेही पाहिली आहे. मला वाटलं, आता या बायका भडकतील. मंगलनं शिडीवरून विचारलं, "शेठ, भिवंडीला डोकं वर करून उभं राहता येतं का?" आणि सगळ्या पुन्हा हसल्या. मला त्या हसण्याचा राग आला.

दुपारी मामानं दोन मजूर घेऊन कपाटाचे खांब उभे करायला घेतले. खांब तिरका उचलला, सरळ करत आणला, आणि तो बीमला अडून थांबला. पुन्हा खाली घेतला, पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच. चांगला हातभर खांब जास्त होता.

मामानं नकाशा काढला. शेठनीच पाठवलेला, इमारत बांधली तेव्हाचा. नकाशाप्रमाणे खांब बरोबर होता. मग त्यानं जमिनीपासून बीमपर्यंत टेप धरला आणि मटकन खाली बसला.

झालं होतं असं. या भागात पावसाळ्यात नाल्याचं पाणी गाळ्यात शिरतं. शिरलं, की पुढच्या मेमध्ये शेठ जमिनीवर कोब्याचा नवा थर घालून घेत, म्हणजे गाळा रस्त्यापेक्षा वर राहील. मग रस्त्याचीही डागडुजी होऊन तो वर येई, आणि शेठ पुन्हा थर घालत. आमच्याकडे पंचगंगेला पूर आला की माणसं सामान वर ठेवतात. इथे जमीनच उचलतात. असं करत करत खालची जमीन चढत गेली आणि वरचा स्लॅब जिथल्या तिथे राहिला. सगळ्यांच्या डोक्याला तो बीम रोज लागत होता, पण नकाशा पाठवताना कुणालाच ते आठवलं नाही.

"वाट लागली," मंगल म्हणाली. "शेठ, तुम्ही दर वर्षी खालून वर येताय, स्लॅब काय तुम्हाला घाबरून वर सरकणार होता?"

जयंतीभाई हसले नाहीत. स्लॅब फोडता येईना, कारण वर दुसऱ्याचा कारखाना. त्यांनी जमिनीकडे बोट केलं. "कोबा तोडा. जेवढं वर आलो तेवढं खाली जाऊ."

पुढचे दोन दिवस कोबा फोडण्यात गेले. कांद्यासारखे पापुद्रे निघाले: कोबा, त्याखाली लाल लाद्या, त्याखाली पुन्हा कोबा, मग शहाबादी फरशी. शनिवारी खड्डा तयार झाला. तळ कोरडा होता. खांब उभा राहिला आणि बीमखालून अगदी निसटता सुटला. शेठनी सगळ्यांना जिलेबी दिली. सगळा माल मशीनमध्ये जाणार, माळा जाणार, हे आता नक्की झालं. बायकांनीही जिलेबी खाल्ली. मी घेतली नाही. नलिनीताईंनी माझा वाटा आपल्या डब्यात टाकला. "राग आला तर आला," त्या म्हणाल्या. "जिलेबीनं काय केलंय? उद्या रविवार आहे, ये घरी. तुला खाडीपलीकडं नेते."

बोरिवली आणि गोराई

नलिनीताईंचं घर म्हणजे बोरिवलीच्या एका चाळीतल्या दोन खोल्या. त्यांचे यजमान आधी गिरणीत होते. गिरणीचं दार बंद झालं ते उघडलंच नाही. आता ते एका सोसायटीत रखवालदार आहेत. आम्ही गेलो तेव्हा रात्रपाळी करून झोपले होते, म्हणून आम्ही हळू आवाजात चहा प्यायलो आणि निघालो.

गोराईला होडीतून जावं लागतं. ओहोटी लागली होती. धक्क्याखाली नुसता चिखल, आणि चिखलातून होडीपर्यंत फळ्या टाकलेल्या. मी दोन उड्यांत होडीत. मागे बघते तर नलिनीताई शेवटच्या पायरीवर उभ्या. एक पाय फळीवर टाकतात, दुसरा उचलत नाही. दोन्ही हात गुडघ्यावर.

होडीवाला ओरडला, "ओ मावशी, चढताय का पाया पडताय?"

"पाया पडायला तुझी होडी काय देवी लागून गेली? हात दे, मेल्या!"

त्यानं हात दिला, मी दुसरा धरला आणि त्यांना जवळजवळ उचलून आत घेतलं. त्या बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि गुडघे चोळायला लागल्या.

"बघितलंस ना," त्या म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यापासनं शिडी चढत नाय मी. पोरी चढतात. शेठला वाटतं माझा आवाज मोठा म्हणून मी खाली असते."

"म्हणून तुम्ही खालून हाका देता?"

"मग? वर गेले तर उतरणार कोण? मंगल म्हणाली, ताई, तुम्ही खालनं सांगा, आमी बघतो वरचं. चाललंय."

मी त्यांना यंत्र कसं चालतं ते समजावलं आणि सांगितलं, की मी त्याच्याविरुद्ध लिहिणार आहे. परत गेल्यावर पत्रक छापून त्यांच्याकडे पाठवीन, गाळ्याच्या दारावर लावा. यंत्र परत न्या, अशी मागणी करा.

"परत?" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की होडीवाल्यानं वळून पाहिलं. "परत कशाला? माल माझ्या कमरेशी येऊन थांबतो म्हणतेस, आणि परत ने म्हणतेस? गं पोरी, मला ते बटण पायजे."

"ते यंत्र शेठचं आहे. आज बटण देतील, उद्या काढून घेतील."

"आणि शिडी काय माझ्या बापाची होती?"

 

गोराईत वाटेवर जागोजाग क्रूस आहेत, त्यांना झेंडूच्या माळा. कौलारू घरं, अंगणात वाळत घातलेली जाळी, मागे वांग्यांचे आणि पालेभाजीचे वाफे. एका ओळखीच्या घरी आम्ही जेवलो. घरधनीण नऊवारी नेसलेली, गळ्यात क्रूस, भिंतीवर येशूची तसबीर, आणि मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. तांदळाची भाकरी आणि तळलेले ताजे बोंबील होते. मी बोंबील झकास म्हणून संपवले आणि मग दुसऱ्या माशाचा काटा घशात अडकवून घेतला. भाताचे कोरडे गोळे गिळवून त्या दोघींनी तो उतरवला. "घाटावरची आहे," नलिनीताईंनी घरधनिणीला समजावलं, "हिला मटण दे, हाड तरी दिसतं."

परत येताना भरती लागली होती. सकाळी जिथे चिखल होता तिथे पाणी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांना लागलं होतं आणि नलिनीताईंना उतरायला कष्ट पडले नाहीत. होडीवाला म्हणाला, "उद्या कोजागिरी. उधाण येईल. याच्यापेक्षा वर चढेल पाणी."

पुन्हा घाटकोपर

सोमवारी दुपारी आमच्या खड्ड्यात पाणी होतं. पाऊस नाही, नळ फुटलेला नाही. तळाच्या मातीतून वर आलेलं, काळं आणि खारट वासाचं. शेठनी पंप आणवला. उपसलं. संध्याकाळी ओसरलं. मंगळवारी भरतीच्या वेळेला पुन्हा आलं.

"मशीनची मोटर खालीच असते," मामानं शेठना सांगितलं. "ती पाण्यात बसवायची म्हणजे माशाला शेगडी दिल्यागत हुईल. खड्डा बुजवा. कपाटच बुटकं करतो."

कपाट बुटकं करायचं म्हणजे खांब कापायचे, साखळीचे दुवे कमी करायचे आणि पाळणे उतरवायचे. मग सगळा माल त्यात मावत नाही. जो रोज लागतो तो कपाटात, उरलेला माळ्यावर. म्हणजे माळा राहणार. माळ्यावर चढणाऱ्या तिघी राहणार. शनिवारी गेलेल्या नोकऱ्या मंगळवारी खाडीच्या पाण्यानं परत दिल्या, असं मी मंगलला म्हटलं. ती म्हणाली, "तिघींच्या दिल्या."

तिनं बरोबर ओळखलं होतं. शेठ म्हणाले, "ठीक आहे. तिघी वर. मशीनवर तो मुलगा, तोच गिऱ्हाईक बघेल. नलिनीबेन, तुम्ही भिवंडी. नाहीतर वर जा, चौथीला पण जागा आहे."

वर जा. नलिनीताईंनी एकदा शिडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शेठ, ते बटण मला द्या."

"नलिनीबेन, ते बटण फक्त बटण नाय. कुठल्या पाळण्यात किती माल, दोन्ही बाजूला वजन बराबर पाहिजे, नाहीतर साखळी एका बाजूनं ओढली जाते. सगळं लिहिलंय, इंग्लिशमध्ये. तुम्ही कसं वाचणार?"

शेठ वजनाबद्दल खोटं बोलत नव्हते. कागदात तसंच लिहिलं होतं, आणि ते मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

अंधेरी

खांब कापायला अंधेरीला मरोळकडे न्यावे लागले. तिथे आमच्या कागलच्या एका माणसाचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. टेम्पोतून खांब मागे बाहेर येत होते, आणि अशा मालाला लाल फडकं बांधावं लागतं. टेम्पोवाल्याकडे नव्हतं. माझ्या झोळीत मेळाव्याचा एक लाल कपडा होता, तो बांधला. मरोळ नाक्यावर हवालदारानं अडवून खांब, कपडा आणि मला एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "मोर्चा कुठे चाललाय?"

"कापायला," मामा म्हणाला. सोडलं त्यानं.

अंधेरीचा हा भाग मला आमच्या उद्यमनगरासारखाच वाटला. तोच कापल्या लोखंडाचा वास, तेच चहाचे पेले. फरक इतकाच, की आमच्याकडे कारखान्याच्या आवारात एखादं तरी लिंबाचं झाड असतं. इथे शेडला शेड चिकटलेली. कागलकरांनी आमच्यासाठी घरून तांबडा रस्सा मागवला. मामा दोन वाट्या प्यायला आणि पहिल्यांदाच मुंबईला चांगलं म्हणाला.

करवत चालू होती तेव्हा मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, तुमचं यंत्र बुटकं असो की उंच, माणूस खाणारच. उंच असतं तर चौघींना खाल्लं असतं, बुटकं आहे तर एकीला.

"मशीन खातंय व्हय?" मामा म्हणाला. "शेठ म्हणतोय, इंग्रजी येत न्हाई म्हणून बटण देत न्हाई. मग इंग्रजी काढून टाक की. मराठीत लिव. ट्रेडलवर वाढलीस नव्हं तू?"

त्या संध्याकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात मी लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी मसुदा नलिनीताईंना वाचून दाखवला. सुरुवात होती, 'कामगार भगिनींनो! हे यंत्र तुमच्या श्रमांतून…'

"थांब," त्या म्हणाल्या. "हे भाषण झालं. मला पाटी पायजे. गिऱ्हाईक समोर उभं असताना एवढं कोण वाचणार?"

आम्ही दोघींनी बसून ते छाटलं. मी एक वाक्य लिहायचं, त्यांनी त्यातले निम्मे शब्द काढायचे. 'समोरच्या पाळण्यात जेवढं, मागच्या पाळण्यात तेवढं.' 'हात आत असताना बटण नाही.' 'खरखर आली की थांबा.' मला माझं लिहिलेलं कुणी छाटलेलं आवडत नाही, पण कबूल करते, इतकं सरळ मी याआधी काही लिहिलं नव्हतं. रंग आणून कपाटाच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत ते रंगवलं.

घाटकोपर, शेवटचा मुक्काम

कपाट उभं राहिलं. बुटकं, पण दिसायला नीटस. माल भरला, मुहूर्ताआधी चालवून बघायला मामानं बटण दाबलं, आणि पाळणे सुरळीत फिरले. शेठ पाटीपुढे उभे राहून सगळं वाचून म्हणाले, "वा, क्रांतीबेन! अक्षर एकदम छान. त्या मुलाला पण मराठी येतं. त्याला सोपं पडेल."

मला वाटलं होतं, पाटी लिहिली की प्रश्न सुटला. पाटी ज्याच्या मालकीच्या कपाटावर, त्याची झाली.

इतक्यात पवईकडच्या एका कारखान्याचा माणूस घाईत आला. त्याचं यंत्र बंद पडलं होतं. त्याला मोठं बेअरिंग हवं होतं, आणि ते माळ्यावर ठेवलेलं. शेठनी वर तोंड करून म्हटलं, "मंगल, ते मोठं दे, कोपऱ्यातलं."

तिघी वर होत्या. कुणी हललं नाही.

"मंगल!"

"शेठ, हाक नलिनीताई मारतात," मंगल म्हणाली. "त्यांनी मारली की देते."

"अरे, मी मारतोय ना हाक!"

"तुम्हाला खण माहीत नाय, शेठ. कोपरे चार आहेत."

गिऱ्हाईक हसलं. शेठ स्वतः शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि बीमला डोकं आपटून खाली आले. "ही दादागिरी आहे," ते डोकं चोळत म्हणाले. "क्रांतीबेन, हे तू शिकवलं."

मी शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. पण या बायकांनी मला विचारलंही नव्हतं. मंगलनं वरूनच सांगितलं, "हिला काय माहीत? आमचं ठरलंय. वर आम्ही, खाली ताई. मशीनवर ताई असतील तर आम्ही माळ्यावर. नाय तर चौघीही भिवंडीला. मग तुमच्या त्या मुलाला चढू द्या."

"शेठ, माझं यंत्र बंद आहे," गिऱ्हाईक म्हणालं.

शेठनी मामाकडे पाहिलं. "साखळी तुटली तर?"

"मी दोन दिवस त्यांना शिकवून जातो," मामा म्हणाला. "आणि तुटली तर मला बोलवा. ती माझी साखळी हाय."

"ठीक आहे, ठीक आहे! मशीन नलिनीबेनचं. मुलाला मी भावाकडे पाठवतो. आता द्या रे कुणीतरी त्याला त्याचं बेअरिंग!"

नलिनीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी घसा खाकरला आणि हाक दिली, "मंगल, शिडीकडचा कोपरा, खालचा खण, पोत्यामागं!" बेअरिंग लगेच खाली आलं.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, की हे लिहून घ्या, मी आत्ता मजकूर करून देते. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकासमोर बोललाय तो. पुरे आज एवढं." मला ते पुरेसं वाटत नाही. तोंडी शब्दावर मालक किती दिवस टिकतात हे मी वाचूनच मोठी झाले आहे, आणि मुलुंडच्या गोदामातले जे 'गेले' त्यांना कुणी हाक मारली नाही हेही मी विसरणार नाही. तो लेख मी मागे घेत नाही. त्यात एक प्रश्न घालायचा राहिला होता, तो आता घालते: यंत्रासमोर कोण उभं राहणार, हे कुणी ठरवायचं?

दोन दिवस मामानं शिकवलं. नलिनीताई एकेक पाळणा कमरेशी आणून हातानं वजनाचा अंदाज घेत आणि समोरच्या पाळण्यातला माल इकडे-तिकडे करत. आम्ही निघालो त्या सकाळी साकीनाक्याचा एक व्यापारी आला. नवं कपाट बघून थक्क झाला, वर-खाली बघितलं, चुंबळ बांधलेल्या मंगलला बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शेठना विचारलं, "मशीन भारी आहे. ऑपरेटर कुठाय?"

शेठ उत्तर द्यायला तोंड उघडतायत तोवर नलिनीताईंनी बटण दाबलं. साखळी फिरायला लागली.

"तुमच्या समोर उभी आहे," त्या म्हणाल्या. "बोला, काय पायजे?"